अंगाला लावून न घेणारं

सांक्ट गालेनच्या तळघरात एक लोखंडी पाटी आहे,
तिच्यावर कापडाचा तुकडा ताणून चिकटवलेला.
माणसं येतात, बाही वर सारतात,
कोपराखालचा मऊ भाग
त्या कापडावरून ओढतात, पुढे, मागे,
आणि मी पडद्यावरच्या
उठणाऱ्या-बसणाऱ्या रेघेकडे बघत राहते.

आधी कोरडा हात. मग ओला.
कोरडा हात कापडावरून जातो
जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यासारखा, मान हलवून.
ओला अडतो. कापड त्याला धरून ठेवतं,
रेघ दुपटीच्या वर चढते
आणि फ्राऊ त्सेलवेगर, वय एकोणऐंशी, म्हणतात,
"अगं, हे तर चावतंय."
मी लिहून घेते : सुती, ओलं, बिनलेपाचं. चावतं.

मग लेप दिलेलं.
यावर थेंब पडला की त्याची गोळी होते,
कुरणातल्या झालरीच्या पानावर
पहाटे दव उभं राहतं तशी,
आणि घरंगळून जाते, मागे डागही न ठेवता.
हे कापड अंगाला काही लावून घेत नाही.
डोंगर चढणाऱ्यांना आवडतं, आमच्या साहेबांना आवडतं.
मलाही आवडायचं.

शनिवारी त्याची हातभर पट्टी
पिशवीत घालून मी हेरिसाऊला नेली.
चोरीच म्हणा.
तिथे माझे वडील, जोन-लुत्सी,
चाळीस वर्षं भरतकामाच्या यंत्रांचे मिस्त्री,
आता चार महिने पाठीवर.
मिर्येता दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवते.
माकडहाडावर फ्रँकच्या नाण्याएवढा लाल डाग,
बोटानं दाबला तरी पांढरा न पडणारा.

म्हटलं, हे घालू या पाठीखाली,
पाणी याला शिवत नाही.
त्यांनी पट्टी अंगठ्यात न् तर्जनीत धरली,
उलटी केली, नखानं वीण चाचपली,
पेल्यात बोट बुडवून
एक थेंब तिच्यावर सोडला.
थेंब पळाला,
उशीच्या अभ्र्यात शिरला.
"हे पाणी पीत नाही," ते म्हणाले.
"मग ते जातं कुठे?"

आमच्या तक्त्यात याला रकाना नाही.
हात आम्ही नळाखाली भिजवतो,
मोजून, बाहेरून.
पाठ भिजते आतून,
रात्रभर, कुणी न सांगता,
आणि खालच्या कापडानं तोंड फिरवलं
तर ते पाणी कातडीपाशीच बसून राहतं,
तिला मऊ करत, सैल करत,
सोलायला तयार करत.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी
हे डबा घेऊन कामावर गेले होते.
गल्लीत सगळे म्हणाले, खंबीर माणूस,
काही लावून घेत नाही अंगाला.
मी नऊ वर्षांची.
त्यांच्यावरून जे घरंगळलं
ते कुठे गेलं, मला माहीत होतं.
मी काही बोलले नाही.
पट्टी घडी करून पिशवीत ठेवली.

मिर्येता आली, धुऊन धुऊन विरलेली
सुती चादर खांद्यावर टाकून.
मी त्यांच्या काखेत हात घातले, सरकवू लागले.
"ओढू नको," ती म्हणाली. "उचल."
आयुष्य ओढण्याची मापं घेण्यात गेलेलं माझं.
उचललं.
ते किती हलके झालेत.
माझ्या गळ्यापाशी त्यांचा श्वास, औषधाचा वास,
आणि पाठीला लावलेला माझा तळवा
एकदम ओला.

खाली जुन्या चादरीवर
हाताएवढा दमट डाग होता.
तिनं पिऊन घेतलं होतं
जेवढं तिला जमलं तेवढं.
मिर्येतानं ती काढून बादलीत टाकली
आणि विचारलं, दुसरं टोक धरतेस ना?